रायगड एका दिवसात उरकू नका

पुण्यातील शाळांचे मुख्याध्यापक, सहलप्रमुख आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की सहलीच्या फायली हलू लागतात आणि यादीत रायगड असतोच. पुण्याहून रायगड एका दिवसात होतो, असा समज शाळाशाळांतून पक्का बसला आहे. होतो, हे खरे. पहाटे चारला मुले फाटकाशी गोळा करायची, साडेनऊ-दहाला पायथा गाठायचा, रोपवेच्या रांगेत उभे राहायचे, वर दोन-अडीच तासांत सदर, पुतळा, समाधी उरकायची, पुन्हा रांग लावून खाली यायचे आणि रात्री दहा-अकराला पेंगुळलेली मुले पालकांच्या ताब्यात द्यायची. या अठरा-एकोणीस तासांतले नऊ-दहा तास बसमध्ये जातात. शिवाय ज्या चालकाने पहाटे चारला गाडी काढली, तोच रात्री ताम्हिणीची वळणे घेत असतो. सहलीच्या पत्रकात हे कुठेच छापलेले नसते.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. रायगड करायचा तर दोन दिवसांचा करा. मुक्काम गडाच्या पायथ्याच्या पाचाडला ठेवा. पहिल्या दिवशी गडाखालचा मुलूख दाखवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चित दरवाजाने मुलांना पायी वर न्या. दोन दिवस जमत नसतील तर यंदा सिंहगड किंवा शिवनेरी करा आणि रायगड पुढच्या वर्षीवर टाका. गड कुठे जात नाही.

इयत्तेचाही प्रश्न आहे. चौथीच्या इतिहासात शिवचरित्र आहे म्हणून चौथीची सहल रायगडावर, हा हिशेब कागदावर बरोबर आणि पायऱ्यांवर चूक. पायऱ्यांची उंची सारखी नाही. कुठे सहा इंच, तर कुठे फुटाच्या वर. नऊ वर्षांच्या मुलाला प्रत्येक उंच पायरीला गुडघा छातीशी घ्यावा लागतो आणि अर्ध्या तासात त्याचा उत्साह संपतो. सातवीला राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हाच काळ पुन्हा येतो. सातवी ते नववी ही रायगडाची खरी वये. चौथीला लाल महाल, शनिवारवाडा आणि फार तर शिवनेरी पुरे.

आता मुलुखाबद्दल. रायगड ही राजधानी होती, म्हणजे तिला धान्य, मीठ, माणसे, बातम्या आणि माल पुरवणारा प्रदेश भोवती होता. तो न पाहता नुसता माथा पाहिला तर मुलांना राजधानी कळत नाही, पडक्या जोत्यांचे एक पठार तेवढे दिसते. आधीची राजधानी राजगड, घाटमाथ्यावर गुंजण मावळात. तिथून कारभार रायगडावर आला तो सह्याद्रीच्या भिंतीपलीकडे, कोकणात. देशावरून येणाऱ्या शत्रूला घाट उतरूनच यावे लागे, आणि घाट उतरणे म्हणजे बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ असल्या अडचणीच्या वाटा. दुसऱ्या बाजूला महाड, आणि महाडावरून वाहत जाऊन बाणकोटला समुद्राला मिळणारी सावित्री. पाठीशी डोंगर आणि पुढ्यात खाडी. हे नकाशावर दाखवता येते, पण बसच्या खिडकीतून जास्त चांगले कळते, फक्त बस दिवसाउजेडी जात असली पाहिजे.

वाटा दोन. ताम्हिणीने निजामपूरला उतरून थेट पाचाड गाठता येते. हे अंतर एकशेतीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण निजामपूरनंतरचा रस्ता अरुंद आणि वळणांचा. दुसरी वाट ताम्हिणी, माणगाव, महाड, पाचाड. ही तीसेक किलोमीटर लांब पडते, पण रस्ता मोठ्या बसच्या सोयीचा आणि पहिल्या दिवशी आपल्याला महाडला जायचेच असते. भोरवरून वरंध घाटाची वाट सर्वांत देखणी, मात्र पावसात ती दरडींमुळे बंद होते आणि नंतरही दुरुस्तीच्या कामासाठी कधी बंद असेल याचा नेम नाही. ठरवण्याआधी आठवडाभर आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, असे दोनदा विचारून घ्या. आयत्या वेळी भोरहून परत फिरावे लागले तर पहिला दिवस तिथेच संपतो.

घाटात उलट्या होतात, त्या टाळणे बरेचसे नाश्त्यावर अवलंबून असते. निघताना मुलांना दूध आणि तेलकट काही देऊ नका. कोरडी पोळी, केळे, खाकरा चालतो. पोटभर नाश्ता घाट उतरल्यावर, माणगावला. ज्यांना गाडी लागते त्यांची नावे पालकांकडून आधीच घ्या आणि त्यांना पुढच्या चार रांगांत बसवा. मागच्या चाकांमागची आसने सर्वांत जास्त हेलकावतात आणि नेमकी तिथेच दांडगाई करणारी मुले बसतात. गोळी द्यायची तर पालकांच्या लेखी संमतीने आणि डॉक्टरांनी सांगितलेलीच, निघण्याच्या अर्धा तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही.

सहाला पुणे सोडले तर पावणेअकरापर्यंत गांधारपाले येते. महाडच्या अलीकडे, महामार्गावरूनच डोंगराच्या पोटात लेण्यांची ओळ दिसते. वर जायला पंधरा-वीस मिनिटे. ही सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत आणि एका शिलालेखात कानभोज कुमार विष्णुपालिताने दिलेल्या दानाची नोंद आहे. शिवकाळाच्या सहलीत लेणी कशाला, असे पालक विचारतात. उत्तर लेण्यांच्या ओट्यावर उभे राहिले की समोर आहे. खाली गांधारी आणि सावित्री यांचा संगम, पलीकडे महाड. रायगडावर राजधानी येण्याच्या कितीतरी शतके आधी या नदीकाठी व्यापार होता, म्हणूनच दान देणारे होते आणि म्हणूनच लेणी आहेत. आतल्या अंधाऱ्या खोल्यांत मुलांना एकटे सोडू नका. विजेरी घेऊन एक शिक्षक आधी आत जाऊन यावा.

जेवण महाडला. त्यानंतर चवदार तळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे पाणी प्यायले आणि सार्वजनिक पाणवठ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क बजावला. तळ्याकाठी अर्धा-पाऊण तास द्या, घाई करू नका. गडावर राज्याभिषेक झाला आणि गडाजवळच्या महाडात अडीचशे वर्षांनी पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, या दोन गोष्टी एकाच सहलीत पाहिलेली मुले वर्गात परत आल्यावर जे प्रश्न विचारतात, ते इतिहासाच्या शिक्षकांना आवडतील. २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी महाडला मोठी गर्दी असते. सहल असेल तर त्या तारखा सोडून ठेवा.

महाड ते पाचाड चोवीस किलोमीटर, बसला पाऊण तास. चारपर्यंत पोहोचलात तर उजेडात जिजाऊंचा वाडा आणि समाधी दोन्ही नीट होतात. गडावरची थंड, वारेमाप हवा मानवेना म्हणून आऊसाहेबांसाठी खाली वाडा बांधला, असे सांगितले जाते. वाड्याला तट आहे आणि आत विहिरी आहेत. त्यांतल्या एकीच्या काठाला टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या केला आहे, तीच तक्क्याची विहीर. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि आऊसाहेब गेल्या १७ जून १६७४ ला. मध्ये अकरा दिवस. मुलांना या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा, फार बोलू नका.

अजून पाऊण तास उजेड असेल तर पाचाडच्या खिंडीवरचे वाघबीळ करा. याला नाचणटेपाची गुहा असेही म्हणतात. चढ छोटा, पण मुरमाचा. तोंडे तीन, त्यामुळे आत वारा सारखा खेळतो. इथून गडाचा चढ समोर दिसतो आणि उद्या कुठून कुठे जायचे हे बोटाने दाखवता येते. एका वेळी दहापेक्षा जास्त मुले आत घेऊ नका.

पाचाडात घरगुती जेवण आणि राहायची सोय मिळते. मात्र पंचेचाळीस मुले आणि पाच मोठे अचानक दारात उभे राहिले तर कुठल्याच घराला ते झेपत नाही. सरावाचा हात एका तव्यावर तासाला वीस-पंचवीस भाकऱ्या करतो. माणशी दोन धरल्या तर शंभर भाकऱ्या, म्हणजे दोन चुलींवर सलग दोन तास. म्हणून नक्की आकडा आदल्या दिवशी कळवा आणि महाड सोडताना पुन्हा एक फोन करा. किती मुलांना तांदळाची चालते, किती नाचणीची खातात, तिखट कमी हवे का, हे आधीच सांगा. शहरातल्या मुलांची भाकरी पानात उरते आणि मग सकाळी चढताना चक्कर येते. पिठले-भाकरीबरोबर भात भरपूर ठेवायला सांगा, म्हणजे कोणी उपाशी झोपत नाही. चालकाला स्वतंत्र खोली आणि गादी द्या. बसमध्ये डास मारत रात्र काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाटात तुमची मुले घेऊन जाणार आहे. मुलींच्या खोल्यांशेजारी शिक्षिकांची खोली, आणि रात्री दहानंतर हजेरी. एवढे लष्करी वळण पुरे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठवा. चहा-बिस्किटे, एक केळे आणि सव्वासहाला पायऱ्यांशी. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास येतो, तोवर चढाचा पहिला टप्पा सावलीत उरकतो. चित दरवाजाचे आता अवशेषच आहेत. जवळ खुबलढा बुरूज. बुरुजाच्या माऱ्याखालून वाट जाते, हे मुलांना तिथेच थांबवून दाखवा. सर्वांत पुढे एक शिक्षक, त्याच्या पुढे कोणीही जायचे नाही. सर्वांत मागे एक, त्याच्या मागे कोणी राहायचे नाही. मध्ये दहा मुलांमागे एक मोठा माणूस. दमलेल्या मुलाला पुढे काढा आणि त्याच्या चालीने सगळे चाला. मागे ठेवलेले मूल सारखे अंतर भरून काढायला धावते आणि जास्त दमते. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे थांबा. याहून लांब थांबलात तर अंग गार पडते आणि पाय पुन्हा चालायला तयार होत नाहीत. अशा चालीने दोन ते अडीच तासांत महादरवाजा येतो.

आणि इथेच आमचा रोपवेवरचा खरा आक्षेप आहे. १९९६ साली सुरू झालेल्या रोपवेने ज्येष्ठांची, अपंगांची आणि लहानग्यांची मोठी सोय झाली, त्याबद्दल दुमत नाही. पण रोपवे माणसाला मेणा दरवाजाच्या बाजूला, राण्यांच्या महालांपाशी उतरवतो. राजधानीत शिरायचे ते खासगीकडच्या दाराने! मुले महादरवाजा पाहतच नाहीत. पाहायचा म्हटला तर तासभर पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या, आणि त्याला वेळ कोणाकडे असतो? महादरवाजा खालून दिसत नाही, अगदी जवळ आल्याशिवाय कळतही नाही. सुमारे पंचाहत्तर आणि पासष्ट फूट उंचीच्या दोन बुरुजांच्या बेचक्यात तो लपवला आहे, वाट वळून दाराशी येते आणि वळताना दोन्ही बुरूज डोक्यावर असतात. धापा टाकत आलेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. इथे हत्ती किंवा ओंडका घेऊन दारावर धडक मारायला मागे जागाच नाही, हे त्यालाच दिसते. आतल्या देवड्या दाखवा, पहारा कुठे बसत असेल ते विचारा.

महादरवाजानंतर हत्ती तलाव आणि पुढे गंगासागर. न्याहरी इथे, सावली पाहून. सोबत नेलेले दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे बरे. वेफरची पाकिटे नकोत, मीठ खाऊन तहान वाढते आणि पाकीट वाऱ्याने तलावात जाते. पिशव्या अंगावरून उतरवून ठेवू नका, माकडांना चेन उघडता येते. गंगासागराच्या काठावर बारा कोनांचे दोन मनोरे आहेत, शेजारून पालखी दरवाजाच्या पायऱ्या. इथून बालेकिल्ल्यात शिरलात की क्रम आपोआप लागतो, आधी राणीवसा आणि कारखाने, मग राजसभा.

गडावर चार तास मिळतात. पण पंचेचाळीस मुलांना एका घोळक्यात फिरवले तर मागच्या तीस जणांना काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा दहा-बारांचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला एकच काम द्या. एक गट पाण्याचा: तलाव आणि टाकी नकाशावर मांडायची, कोणत्यात पाणी आहे, उतार कुठल्या बाजूला आहे, तलावाची जागा तिथेच का. (तलाव खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरला, हे उत्तर मुलांना सापडू द्या.) दुसरा गट सांडपाण्याचा: राण्यांच्या महालांत शौचकूप आहेत, त्यांचे पाणी कुठून बाहेर पडते ते शोधायचे. हा गट सर्वांत रंगतो, लाजायचे कारण नाही. तिसरा गट मोजणीचा. पंधरा मीटरची मोजपट्टी न्या. राजसभा दोनशेवीस फूट लांब आणि एकशेचोवीस फूट रुंद सांगतात, बाजारपेठेतला रस्ता चाळीस फूट. मुलांनी मीटरमध्ये मोजायचे आणि फुटांत उतरवायचे. खडूच्या खुणा करायच्या नाहीत, हे संरक्षित स्मारक आहे. चौथा गट अक्षरांचा: जगदीश्वराच्या देवळापाशी भिंतीत संस्कृत शिलालेख आहे, त्यात गड बांधणाऱ्या हिरोजीचे नाव आणि त्याने काय काय बांधले त्याची यादी आहे. बाहेरच्या एका पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ अशी त्याची ओळ आहे. पायरी कोणीही दाखवायची नाही. शोधू द्या. रोज हजार पावले जिच्यावरून जातात ती ओळ वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

राजसभेत साडेनऊच्या आत पोहोचा. नगारखान्याशी हळू बोललेले सिंहासनाच्या चौथऱ्यावर ऐकू येते, पण सभेत दुसरी सहल शिरली की हा प्रयोग संपला. दोन मुले नगारखान्याशी, दोन चौथऱ्याजवळ आणि बाकीचे अगदी गप्प. चौथऱ्याजवळच्या मुलांनी ऐकलेला शब्द वहीत लिहायचा आणि मग ताळा करायचा. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याने दाराशी उभे असलेले हत्ती पाहिले आणि हे एवढ्या उंचावर आणले कसे, असा त्याला प्रश्न पडला. आत्ताच त्या पायऱ्या चढून आलेल्या मुलांना तोच प्रश्न टाका.

मार्गदर्शक घ्यायचा तर स्थानिकच घ्या, गावाच्या चुली त्यावर चालतात. ठरवताना पैशांबरोबर वेळही ठरवा, नाहीतर पाऊण तासात गड फिरवून माणूस मोकळा होतो. बाजारपेठेत घोड्यावर बसून खरेदी करत म्हणून जोती उंच, हिरकणी रात्री कडा उतरली, अशा कथा ते सांगतीलच. सांगू द्या. नंतर शिक्षकांनी एवढेच विचारायचे, यातले कागदपत्रांत काय आहे आणि लोकांच्या तोंडी काय आहे? सातवीच्या मुलाला हा फरक पेलतो.

‘सर, महाल कुठे आहेत?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर तयार ठेवा. चौथरे दगडी, वरचे काम लाकडाचे आणि विटांचे. नोव्हेंबर १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला, येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत गेले. पुढे १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून मारा केला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. आग लागली, लाकूड जळाले, दगड राहिला. पुण्याच्या मुलांना हे समजायला जड जाऊ नये. शनिवारवाडाही १८२८ च्या आगीनंतर असाच जोत्यांपुरता उरला. पोटल्याचा डोंगर गडावरून दिसतो, तो दाखवूनच हे सांगा.

समाधीपाशी शांतता पाळायला सांगावे लागत नाही, पण पादत्राणे काढलेल्या पन्नास जणांचे जोड एकत्र होतात आणि वीस मिनिटे शोधण्यात जातात. गटाप्रमाणे चार रांगा लावा. टकमक टोकावर दुपारी वारा वाढतो. एका वेळी दहा मुले, टोप्या आणि चष्मे सांभाळून, आणि पाठ दरीकडे करून फोटो नाही. भवानी टोकाची बाजू लांब आणि निर्जन आहे, मोठा गट तिकडे नेऊ नका. सकाळी हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला लिंगाणा आणि त्याच्या मागे राजगड-तोरणा दिसतात. जुनी राजधानी नव्या राजधानीतून दाखवण्याची ही संधी, होकायंत्र असेल तर उत्तम.

उतरायला साडेबारा ही शेवटची वेळ. चढताना मुले दमतात, पडतात मात्र उतरताना. पोटात कळ येईपर्यंत पळत सुटतात आणि झिजलेल्या दगडावर टाच घसरते. गुळगुळीत तळाचे काळे शाळेचे बूट पूर्ण बंद, आणि सहलीसाठी घेतलेले कोरे बूटही नकोत, फोड येतात. तळाला खाचा असलेले, महिनाभर वापरलेले बूट हवेत. ज्यांचे पाय खरोखर भरून आले आहेत त्यांना रोपवेने उतरवा. एकेरी तिकिटाची आधी चौकशी करून ठेवा. रोपवेचे खालचे ठाणे हिरकणीवाडीला आणि पायऱ्यांची सुरुवात चित दरवाजाशी. बस एका ठिकाणी आणि मुले दुसरीकडे, हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की चालकाला लेखी वेळ आणि जागा दिल्याशिवाय वर जाऊच नका. जोराच्या वाऱ्यात रोपवे थांबवतात, तेव्हा पायऱ्या उतरायची तयारी प्रत्येकाची हवी.

दोनपर्यंत पाचाडला जेवण, तीनला बस हलली पाहिजे. म्हणजे ताम्हिणी उजेडात चढून होते आणि आठ-साडेआठला पुणे.

तारखांबद्दल. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर, मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवार, २५ ते ३१ डिसेंबर, ६ जून, तिथीचा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा दिवस आणि हनुमान जयंतीला येणारी महाराजांची पुण्यतिथी हे दिवस शाळांचे नाहीत, तेव्हा गड भक्तांचा असतो. पावसाळ्यात तर मुळीच नको. जुलै २०२४ मध्ये ढगफुटीसारख्या पावसाने पायऱ्यांवरून लोंढे आले आणि लोक वाटेत अडकले. कड्यावरून दगड सुटतात ते वेगळेच.

पाणी माणशी दीड लिटर, एकाच मोठ्या बाटलीऐवजी दोन. एक संपली की शिक्षकाला कळते. दहा जणांत एक प्रथमोपचाराची पिशवी: पट्ट्या, चिकटपट्टी, जंतुनाशक, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटे आणि सॅनिटरी पॅड व कागदी पिशव्या. पायऱ्यांच्या वाटेवर स्वच्छतागृह मिळेल असे धरू नका. खाली जाऊन या, पुढचे वरच. कड्यांना आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर, डिओडरंट आणि धूर तिन्ही बंद. दम्याचा पंप वापरणाऱ्या मुलाचा पंप त्याच्या खिशात हवा, बसमध्ये राहिलेल्या पिशवीत नव्हे. मोठे रुग्णालय महाडला. रुग्णवाहिकेचा १०८ आणि पाचाडच्या मुक्कामाचा क्रमांक प्रत्येक शिक्षकाच्या खिशात कागदावर लिहिलेला असावा, कारण वर मोबाइलची रेंज जागा बदलली की जाते.

खर्चाचे म्हणाल तर एका दिवसाच्या खाजगी बसपेक्षा दोन दिवसांची एसटी महाग पडतेच असे नाही. शैक्षणिक सहलींना एसटी प्रासंगिक करारावर निम्म्या भाड्याची सवलत देते. आगारात विचारताना दोन्ही दिवसांचे किलोमीटर आणि मुक्कामाचा आकार दोन्ही लेखी घ्या. डिसेंबरात गाड्या संपतात, म्हणून अर्ज ऑक्टोबरातच. खाजगी बस घेतलीत तर योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना यांच्या प्रती फायलीत लावा आणि संकटकालीन दार उघडते का ते निघण्याआधी स्वतः उघडून पाहा. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशाचे तिकीट लागत नाही, पण नववीत पंधरा पूर्ण झालेली मुले असतात. जन्मतारखांची यादी शाळेच्या शिक्क्यानिशी न्या, नाहीतर तिकीट खिडकीशी एकेकाचे ओळखपत्र काढत बसावे लागते.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अर्जात मुक्कामाचे ठिकाण, बसचा क्रमांक, चालकाचा परवाना आणि मुलींसोबतच्या किमान दोन शिक्षिकांची नावे आधीच भरा. अर्ज परत येतो तो बहुधा यांतल्याच एखाद्या रिकाम्या रकान्यामुळे, आणि पुन्हा दाखल करताना आठवडा जातो. पालकांच्या संमतिपत्रात ‘मुक्कामासह’ हा शब्द ठळक टाका. तो न वाचता सही केलेले पालक आदल्या संध्याकाळी फोन करतात.

आपले,
शालेय सहलींबरोबर गडावर जाणारे पुण्यातील काही वाटाडे